म्हातारीचा वेश उतरवण्याबाबत

सोनवडीच्या संग्रहालयातल्या तैलचित्र क्रमांक सत्तेचाळीसमधल्या म्हातारीने, आपला वेश उतरवण्याची परवानगी मिळावी म्हणून पहिला अर्ज केला तो सोमवारी, कारण सोमवारी संग्रहालय बंद असते आणि चित्रांतल्या मंडळींना त्या दिवशी अकरा ते पाच खाली उतरायची मुभा आहे. अर्ज कोऱ्या कागदावर होता. समास सोडलेला, विषय अधोरेखित केलेला, खाली सही. अभिरक्षक मोरेश्वर चांदोरकर यांनी तो वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि म्हातारीला बसायला खुर्ची दिली.

अभिरक्षक म्हणजे संग्रहालयातले सगळ्यांत मोठे साहेब. सोनवडीत त्यांच्या हाताखाली एक लिपिक आणि दोन पहारेकरी होते, तेव्हा मोठेपण आपले बेताचेच.

हे चित्र सोनवडीच्या राजेसाहेबांनी युरोपच्या सफरीत व्हेनिसहून आणले होते. चित्रकार अज्ञात, शतक सोळावे. चित्रात पोमोना आहे. ही रोमन लोकांची फळबागांची देवी. हिने बागेला भक्कम कुंपण घातलेले आणि पुरुषाला आत पाऊल टाकू द्यायचे नाही असा नेम केलेला. ऋतूंचा देव व्हर्टुम्नस हिच्यावर जीव लावून बसला होता. सरळ मार्गाने काही जमेना, तेव्हा तो म्हातारीचा वेश घेऊन काठी टेकत बागेत शिरला, बाकावर बसला आणि झाडावर चढलेली द्राक्षाची वेल दाखवून पोमोनाला लग्नाचे महत्त्व पटवू लागला. जुन्या गोष्टीत पुढे तो वेश टाकून देतो, पोमोना त्याचे खरे रूप बघते आणि हो म्हणते. चित्रकाराने मात्र त्याच्या अलीकडचा क्षण रंगवला, सही न करता ब्रश धुतले आणि तो मोकळा झाला. त्या गोष्टीला अर्जाच्या वेळी चारशे सोळा वर्षे झाली होती. म्हातारी अजून बाकावरच होती.

ही म्हातारी म्हणजे व्हर्टुम्नस, हे सोनवडीत सगळ्यांना ठाऊक होते. चित्राखालच्या पितळी पाटीवर तसे स्वच्छ लिहिलेले आहे. सहलीला येणारी चौथीची मुलेसुद्धा ते मोठ्याने वाचतात. ठाऊक नव्हते ते एकट्या पोमोनाला. पाटी चौकटीच्या बाहेर आहे, आणि पोमोना बाग सोडून कधी खाली उतरली नव्हती. सोमवारीसुद्धा नाही.

"फार घाई आहे का, आजी?" चांदोरकरांनी विचारले.

"घाई कसली रे बाळा. पण गुडघे दुखतात."

"गुडघे तुमचे नाहीत ना पण? ते वेशाचे."

"चारशे वर्षं वापरलेत. आता कुणाचे ते विचारू नकोस." मग म्हातारी जरा ओशाळली. "बाळा म्हटलं, राग मानू नका. सवय लागलीय. मला एवढंच हवंय, की तिनं एकदा माझं खरं तोंड बघावं. मग व्हायचं ते होऊ दे."

चांदोरकर मनाने मऊ होते. मऊ माणसाच्या हाती फाइल आली की ती फार जपून पुढे जाते. सरकारी काम आणि सहा महिने थांब असे लोक म्हणतात. इथे सहा वर्षे लागली, पण ती कुणी मुद्दाम लावली नाहीत. प्रश्नच तसे निघत गेले.

पहिला प्रश्न नोंदवहीचा. नोंदवहीत चित्राचे वर्णन होते: स्त्रिया दोन, बाक एक, टोपली एक, झाड व वेल. परवानगी दिली तर वार्षिक पडताळणीत एक स्त्री कमी भरणार. त्यावर शेऱ्याच्या रकान्यात खुलासा करावा असे ठरले, आणि ते ठरायला दीड वर्ष गेले. दुसरा प्रश्न सल्लागार समितीतले निवृत्त मुख्याध्यापक घारपुरे सर यांनी काढला. वेश उतरवल्यावर आत काय असेल? शाळेच्या सहली येतात. या युरोपीय देवांचा कपड्यांच्या बाबतीत काही भरवसा नाही. मग म्हातारीकडून हमीपत्र घेतले, की वेशाच्या आत गुडघ्यापर्यंत अंगरखा आहे आणि तो राहील.

तिसरा प्रश्न ना हरकतीचा. शेजारच्या चौकटीत डायाना ही शिकारीची देवी सख्यांसह आंघोळ करत असते. शेजारी पुरुष येणार म्हटल्यावर तिचे म्हणणे ऐकणे भागच होते. डायानाने लिहून दिले, की पूर्वी एकदा असाच एक जण डोकावला होता, त्याचे हरीण झाले आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले. बाकी हरकत नाही. ही धमकी समजावी की माहिती, अशी चांदोरकरांनी लेखी विचारणा केली. माहिती, असे तिने कळवले. पुढे चौकटीच्या सुताराची ना हरकत आली, दिवाबत्तीवाल्याची आली. चित्रातल्या झाडाची आणि वेलीचीही आली, दोघांची मिळून एक.

पोमोनाला तेवढे कुणी विचारले नाही. अर्जदाराच्या विनंतीवरून फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का होता, आणि ज्या गोष्टीचा तिला पत्ता लागू द्यायचा नाही ती गोष्ट तिला विचारणार कशी? शिवाय चांदोरकरांच्या मते गरजही नव्हती. तिची संमती पुस्तकात नोंदलेलीच होती. त्यांनी ग्रंथालयातून तो जुना लॅटिन मजकूर मिळवला, ती हो म्हणते त्या ओळींची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवली, खाली मराठी भाषांतर दिले आणि ते पान फाइलला परिशिष्ट म्हणून जोडले. समासात लिहिले: संमती प्राप्त. हे काम चोख झाले असे त्यांना तेव्हा वाटले होते.

घरी जेवताना त्यांनी हे कालिंदीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सांगितले. गोपनीय फाइली घरी सांगायच्या नसतात, पण जेवताना माणूस बोलतो.

"अहो, पण तिला विचारलंत का?" कालिंदीबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"त्या बागेवालीला."

"फाइल गोपनीय आहे. आणि तिचा होकार पुस्तकात आहे."

कालिंदीबाईंनी त्यांच्या वाटीत आमटी वाढली. "पुस्तकात माझाही असेल," त्या म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या. चांदोरकरांना हे बोलणे त्या दिवशी लागले नाही. लागले ते फार नंतर, आणि मग लागतच राहिले.

या सहा वर्षांत म्हातारी दर सोमवारी येत असे. घोडं कुठे पेंड खातंय ते विचारी, चहा घेई, थोडी बसे. पावणेपाच झाले की मात्र काठी हाती घेऊन उठे.

"अजून पंधरा मिनिटं आहेत, आजी."

"ती वाट बघते. तेल तापवून ठेवलेलं असतं. केसांना तेल लावून घेतल्याशिवाय झोपत नाही ती."

दिवसभर फांद्या छाटून पोमोनाच्या हातांत काटे रुतत. ते काढायचे, केसांना तेल लावायचे आणि ती बोलेल ते ऐकायचे, असा त्या दोघींचा नित्यक्रम होता. वेल आणि झाडाचा दाखला म्हातारीने शेवटचा कधी दिला होता ते तिलाच आठवत नव्हते. एकदा ती सहज म्हणाली, "काल तिनं मला तिचं स्वप्न सांगितलं." कसले, असे चांदोरकरांनी विचारले.

"ते नाही सांगता यायचं," म्हातारी म्हणाली. "ते तिनं मला सांगितलंय."

इथेच चांदोरकरांनी थांबायला हवे होते. फाइल मिटून, आजी, तुम्ही नक्की कोण आहात आणि तुम्हाला नक्की काय हवे आहे, असे एकदा तरी विचारायला हवे होते. पण फाइल तेव्हा वरच्या कार्यालयात गेली होती, आणि वर गेलेल्या फाइलीबद्दल खाली कुणी प्रश्न विचारत नाही.

मंजुरी आली तीही सोमवारीच. चांदोरकरांनी आदेशाची प्रत म्हातारीच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली.

"आजच करायला हवं का?"

"सात दिवसांत. नाहीतर आदेश रद्द होतो आणि पहिल्यापासून सुरुवात."

"तिचं या आठवड्यात सफरचंदाचं काम आहे. मी फांदी धरते." तिने आदेशाची पुन्हा घडी घातली. "असू दे. आजच करू."

चार वाजता कार्यालयात तिने डोक्याचा रुमाल सोडला, पिकलेले केस उतरवले, सुरकुत्या उतरवल्या, पाठीचा बाक काढून ठेवला. सगळ्याची नीट घडी केली आणि वर काठी ठेवली. लिपिकाने सामान कोठीत जमा करून पावती दिली. खुर्चीवर पंचवीस वर्षांचा एक देखणा तरुण बसला होता. अंगरखा हमीपत्राप्रमाणे होता. त्याने हात पुढे करून बोटे हलवून पाहिली. मग पावती घेऊन तो दालनात गेला आणि चौकटीत चढला. चांदोरकर मागोमाग गेले आणि डायानाच्या चौकटीवरची धूळ बघितल्यासारखे करत उभे राहिले.

पोमोना पाठमोरी होती. "आज लवकर आलीस," ती म्हणाली. "तेल तापतंय अजून."

व्हर्टुम्नस बाकापाशी येऊन उभा राहिला. तिने वळून पाहिले, आणि हातातला छाटणीचा कोयता खाली न ठेवता विचारले, "आपण कोण? आत कसे आलात?"

त्याने भाषण तयार केलेले होते. चारशे बावीस वर्षे केलेले होते. मी व्हर्टुम्नस, असे म्हणून त्याने सुरुवात केली, ऋतूंची नावे घेतली, आपले प्रेम सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"बरं," ती म्हणाली. "आजी कुठे आहे?"

"मीच ती."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्याच्या कपाळापासून पायापर्यंत कुठे ओळखीचे काही सापडते का, असे ते बघणे होते. शेवटी तिने विचारले, "मग माझ्या केसांना तेल कोण लावणार?"

"मी लावीन."

पोमोनाने मोकळे केस मागे घेतले आणि घट्ट बांधून टाकले. मग ती चौकटीच्या कडेशी आली. तिने बाहेर कुणाशी बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"अहो, साहेब. तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," चांदोरकर म्हणाले.

"आणखी कुणाला?"

"सगळ्यांना. खाली पाटी आहे."

"मला का नाही विचारलं?"

चांदोरकरांनी फाइल आणली आणि परिशिष्ट काढून तिच्यासमोर धरले. तिने ते सावकाश वाचले, समासातला शेराही वाचला. "यातली हो म्हणते," ती म्हणाली, "कारण तिच्याजवळ म्हातारी तासभरच बसली होती. माझ्याजवळ ती चारशे वर्षं बसली. जे मी कुणालाच सांगितलं नसतं ते तिला सांगितलं. ते सगळं यानं ऐकलं."

चांदोरकरांनी फाइल मिटली. वेश परत देता येईल, कोठीतून काढावा लागेल, एवढे ते पुटपुटले.

"नको. आता आत कोण आहे ते मला कळलंय." आणि तिने तापलेल्या तेलाची वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोमोनाने चौकटीतून हात बाहेर काढून पहारेकऱ्याकडे एक अर्ज दिला. 'आमच्याकडील आजी काल दुपारी चारच्या सुमारास वारल्या. तरी दहा दिवस सुतक पाळण्यास परवानगी असावी.' सुतक म्हणजे काय हे तिला आजीनेच सांगितले होते. मागे पहारेकऱ्याची आई गेली तेव्हा तो दहा दिवस आला नव्हता, त्या वेळी. नोंदवहीप्रमाणे कुणीही वारले नव्हते. उलट एक पुरुष वाढला होता. अशा अर्जावर अभिप्राय मागवायला हवा होता, समितीपुढे ठेवायला हवा होता. चांदोरकरांनी उभ्याउभ्या त्यावर 'मंजूर' लिहिले. तीस वर्षांच्या नोकरीत कुणाला न विचारता त्यांनी लिहिलेला हा पहिला शब्द.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितले. कालिंदीबाई चूल सोडून बाहेर आल्या.

"वय काय होतं?"

"चारशे बावीस."

"म्हणजे आयुष्य भरलं होतं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "तरी काय झालं."

मी तेव्हाच म्हटलं होतं, असे त्या बोलल्या असत्या तर चांदोरकरांना बरे वाटले असते. त्या बोलल्या नाहीत.

सुतकाचे दिवस रीतीप्रमाणे गेले. पोमोनाने कोयता म्यान करून ठेवला, फळाला हात लावला नाही. सफरचंदे पिकून गवतात पडत राहिली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून डायानाने शेजारधर्माने हरणाची तंगडी पाठवली. सुतकात चालत नाही असे सांगून पोमोनाने ती परत केली, तेव्हा डायानाने मध आणि दूध दिले. संग्रहालय बघायला येणारे लोक विचारत, की म्हातारी कुठे दिसत नाही? पहारेकरी हळू आवाजात सांगे, आणि मंडळी आपसातले बोलणे थांबवून पुढच्या चित्राकडे जात. व्हर्टुम्नस झाडाच्या आड उभा असे. बाकावर बसायचा त्याला धीर होत नव्हता.

आठव्या दिवशी सोमवार आला, तसा तो कार्यालयात आला. काठीशिवाय हात कुठे ठेवायचे ते त्याला समजत नव्हते.

"दहाव्याला करणारं कुणीतरी लागतं ना?" त्याने विचारले. "तिला कुणी नाही."

"अहो, पण तुम्ही स्वतःच..."

"म्हणून तर विचारतोय." तो खाली बघत राहिला. "मलाही ती आठवते, चांदोरकर. तिच्याजवळ बोलायला शब्द असायचे. ती बोलायला लागली की पोमोना हातातलं काम ठेवायची. मी तोंड उघडलं की ती कोयत्याकडे बघते. मला वाटायचं, वेशाच्या आत मी आहे. आत कुणी नव्हतंच हो. जे होतं ते बाहेर होतं, आणि ते मी तुमच्या कोठीत जमा केलं."

चांदोरकरांनी त्याला चहा दिला. चूक माझी आहे, असे ते स्पष्ट म्हणाले. व्हर्टुम्नसने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही.

दहावा दिवस बुधवारी आला. बुधवारी खाली उतरायची मुभा नसते. चांदोरकरांनी तीही स्वतःच्या सहीने दिली. सकाळी सात वाजता संग्रहालयाच्या मागच्या चौकात, हौदाशेजारी, पुराणिक गुरुजी येऊन बसले. न्हाव्याने व्हर्टुम्नसच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला. सोनेरी कुरळे केस फरशीवर पडले.

"गेलेल्या बाईंशी नातं काय?" गुरुजींनी विचारले.

"मी तिच्या आत होतो," व्हर्टुम्नस म्हणाला.

"म्हणजे मुलगाच की. गोत्र?"

ते कुणालाच माहीत नव्हते. "माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं," गुरुजी म्हणाले आणि त्याच्या ओंजळीत पाणी आणि तीळ घातले. "आता नाव घ्या."

व्हर्टुम्नस ओंजळ धरून तसाच बसला. चांदोरकरांनी फाइल आठवून पाहिली. सहा वर्षांच्या कागदांत 'अर्जदार' होते, 'सदर वृद्धा' होती. नाव कुठेच नव्हते. ओंजळीतले पाणी बोटांतून गळू लागले, तसे गुरुजींनी आणखी घातले.

"नावाशिवाय पोचणार नाही हो," ते म्हणाले.

"तुलिया," मागून कुणीतरी म्हणाले.

दालनाच्या मागच्या दारात पोमोना उभी होती. बाग सोडून ती पहिल्यांदाच बाहेर आली होती. पायांना गवत चिकटलेले होते आणि फरशी तिला गार लागत असावी. "तुलिया नाव तिचं," ती गुरुजींना म्हणाली. "मी विचारलं होतं. पहिल्याच वर्षी."

व्हर्टुम्नसने तिच्याकडे पाहिले. कधीकाळी वेळ मारून न्यायला तोंडाला येईल ते नाव त्याने सांगून टाकले असणार आणि तेव्हाच विसरला असणार. त्याने काश्यपगोत्री तुलियेच्या नावाने पाणी सोडले. तीन वेळा सोडले, आणि तिसऱ्या वेळी त्याला रडू आले. पोमोना शेवटपर्यंत दारात उभी होती.

साडेदहाला संग्रहालय उघडते. दहा वाजता चांदोरकर दालनात गेले तेव्हा पोमोना बाकावर बसली होती आणि मुंडण केलेला व्हर्टुम्नस नेहमीसारखा झाडाआड उभा होता.

"तुला नाव खरंच आठवत नव्हतं?" पोमोनाने विचारले.

"नाही."

"तिचा भाऊ समुद्रात गेला, ते?"

"नाही."

"तिला अंजीर का आवडत नसे, तेही नाही?"

पोमोनाने बाकावरची टोपली उचलून खाली गवतात ठेवली.

"बस," ती म्हणाली. "सांगते."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, आणि ती पहिल्या वर्षापासून सांगू लागली.